‘बीए’ व्हायचंय? आधी प्रश्न विचारायला शिका!

तुमच्या ग्रुपमध्येही असा एकजण असेलच. इंजिनीअरिंग केलंय, पण कोडिंगचं नाव काढलं की चेहरा पडतो. किंवा एखादी मैत्रीण असेल, बीकॉम झालेली, ‘आयटीत मला कोण घेणार?’ असं म्हणत रोज क्लासच्या जाहिराती चाळणारी. या दोघांनाही सध्या कॉलेजचे सीनियर, शेजारचे काका आणि इन्स्टावरचे रील्स मिळून एकच सल्ला देतात, ‘बिझनेस ॲनालिस्ट हो. कोडिंग लागत नाही!’

हा सल्ला अर्धाच आहे. कोडिंग लागत नाही, हे ठीक. मग लागतं काय? असं विचारलं की समोर टूल्सची यादी येते. एक्सेल, एसक्यूएल, जिरा, पॉवर बीआय, व्हिजिओ. तीन महिन्यांत सगळं शिकवू, सर्टिफिकेट देऊ, फी हप्त्यानं भरा. घरचे आरडी मोडतात, मुलं-मुली यादी पाठ करतात. मग इंटरव्ह्यूमध्ये कुणीतरी साधाच प्रश्न टाकतं, ‘तुम्ही रोज वापरता त्या एखाद्या ॲपमध्ये तुम्हाला काय खटकतं, आणि का?’ आणि तिथे गाडी अडते. कारण हा प्रश्न त्या यादीत कुठेच नसतो.

माझं मत सरळ आहे. बिझनेस ॲनालिस्टचं, म्हणजे ऑफिसच्या भाषेत ‘बीए’चं काम चार गोष्टींवर चालतं. ऐकणं, प्रश्न विचारणं, नेमकं लिहिणं आणि आकड्यांवर शंका घेणं. टूल्स त्यानंतर. आणि या चारही गोष्टी कॉलेजात असताना, आपल्याच गावात राहून, फी न भरता शिकायला सुरुवात करता येते.

मधला माणूस

कुठलंही सॉफ्टवेअर बनतं तेव्हा दोन बाजू असतात. एका बाजूला प्रत्यक्ष काम करणारी माणसं. बँकेच्या काउंटरवरची, हॉस्पिटलच्या केसपेपर खिडकीमागची, गोडाऊनमधली. दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर लिहिणारी टीम. पहिल्यांना आपला त्रास पुरता ठाऊक असतो, पण तो सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल असा सांगता येत नाही. दुसऱ्यांना सॉफ्टवेअर येतं, पण तो त्रास त्यांनी कधी भोगलेला नसतो. बीए या दोघांच्या मधे उभा असतो. काम कसं चालतं ते समजून घ्यायचं, नेमकं काय बदलायचंय ते ठरवायला मदत करायची, ते लिहून काढायचं आणि शेवटी जे बनलं ते मागितलं होतं तेच आहे का, हे वापरणाऱ्यांकडून तपासून घ्यायचं. एवढं सगळं त्यात आलं.

इथे एक सूचना. नोकरीच्या जाहिरातीत ‘बिझनेस ॲनालिस्ट’ लिहिलेलं असतं आणि खालचं वर्णन वाचलं की कळतं, यांना डेटा ॲनालिस्ट हवाय. दिवसभर आकडे, रिपोर्ट, डॅशबोर्ड. तेही चांगलं काम आहे, पण वेगळं आहे. म्हणून हुद्द्याच्या नावावर जाऊ नका, खालच्या दहा ओळी वाचा. ‘लोकांशी बोलून गरजा समजून घेणे’ असं काही आहे का ते बघा. दिलेली जाहिरात नीट न वाचणारा बीए, ही सुरुवातच चुकीची!

मागणी एक, गरज दुसरीच

समजा, एका गावच्या दूध संस्थेला सॉफ्टवेअर हवंय. सचिव म्हणतात, ‘सभासदाला दूध घातल्याबरोबर मेसेज गेला पाहिजे. बाकी काही नको.’ मागणी एकदम सोपी. नवखा माणूस वहीत लिहील, ‘मेसेज पाठवणे’, आणि चहा पिऊन परत येईल.

मुरलेला बीए विचारेल, ‘मेसेज का हवाय?’ कारण लोक वाद घालतात. ‘वाद कशावरून?’ फॅटवरून. काल फॅट जास्त लागली, आज कमी कशी, म्हणून. ‘मग तेव्हा तुम्ही काय करता?’ जुनी वही काढून दाखवतो. ‘वहीत मागच्या आठवड्याचं सापडतं?’ सापडतं, पण शोधायला वेळ लागतो, आणि तोवर मागे रांग लागते.

आता बघा. मागणी मेसेजची होती. गरज आहे ती सभासदाला आपल्याच दुधाचे मागचे आकडे स्वतःला बघता येण्याची, म्हणजे सकाळी सहाच्या रांगेत भांडण होणार नाही. मेसेज त्यातला फक्त एक भाग झाला. मेसेज पाठवून थांबलं असतं, तर पैसे खर्च होऊनही वाद तिथेच राहिला असता. उलट, मेसेज हातात घेऊन भांडायला आणखी बळ आलं असतं.

‘का?’ हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारत मुळाशी जायची पद्धत जपानच्या टोयोटा कंपनीच्या कारखान्यांतून जगभर गेली. ‘फाइव्ह व्हाइज’ म्हणजे पाच वेळा ‘का’ या नावानं ती ओळखली जाते. पण पाचव्या ‘का’पर्यंत समोरचा चिडणार नाही, याची जबाबदारी आपली. पोलीस चौकशीसारखं ‘का? का? का?’ केलं तर सचिव दुसऱ्या दिवशी भेटणारच नाहीत. ‘जरा दाखवता का कसं करता ते?’ हे वाक्य दहा प्रश्नांचं काम करतं. माणसं सांगताना नियम सांगतात, करताना खरं काम दाखवतात. वहीच्या कडेला पेन्सिलनं केलेल्या खुणा, खिशातली चिठ्ठी, ‘हे असंच करतो आम्ही, सिस्टीममध्ये बसत नाही’ असं हळूच सांगितलेलं वाक्य, सगळं तिथेच सापडतं.

मी पत्रकारिता शिकते. आमच्याकडे बातमीचे सहा ‘क’ असतात. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं. बीएच्या कामाबद्दल वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की अरे, हे तर आपलेच सहा ‘क’! फरक इतकाच की आमचं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापलं जातं आणि बीएच्या उत्तरावर पुढची काही वर्षं शेकडो माणसं काम करतात.

आजीच्या तिकिटाचं काय?

आता तुमच्यासाठी एक कोडं. एसटीनं रोज जाणाऱ्यांना सोपं जाईल.

एसटीत ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२पासून मोफत प्रवास सुरू झाला. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३पासून सर्व महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं तिकीट तर आपल्या लहानपणापासून आहे. चारही नियम एका ओळीत सांगता येतात, ऐकायलाही सोपे आहेत. आता हे कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये बसवायचेत.

७० वर्षांची आजी बसमध्ये चढली. ती ज्येष्ठ आहे म्हणून अर्धं तिकीट, की महिला आहे म्हणून अर्धं? तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो, पैसे तेवढेच. आजीला फरक पडत नाही. पण सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देत असतं. मग हे तिकीट कोणत्या सवलतीच्या हिशेबात धरायचं? बरं, आठ वर्षांची मुलगी चढली. मूल म्हणून अर्धं, मुलगी म्हणून त्याचंही अर्धं, की एकच सवलत? आजीकडे वयाचा पुरावा नसेल तर? बस राज्याची हद्द ओलांडून जाणारी असेल तर? ऑनलाइन तिकीट काढताना नातवानं चुकून ‘पुरुष’ निवडलं तर कंडक्टरनं काय करायचं?

या प्रश्नांची उत्तरं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं ठरवायची नसतात आणि बीएनंही नाही. ज्याच्याकडे ठरवायचा अधिकार आहे त्याच्यापुढे ती वेळेत मांडणं, हे बीएचं काम. वेळेत म्हणजे बस सुटण्याआधी! नाहीतर उत्तर शोधायची वेळ कंडक्टरवर येते, भरलेल्या गाडीत, घंटी मारता मारता.

दुसरं उदाहरण तुमच्याआमच्या नावाचं. राज्य सरकारनं निर्णय घेतला, की १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम असेल. चांगलाच निर्णय आहे. पण बीएच्या डोळ्यांनी बघा. जन्मदाखल्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत किती फॉर्म? त्यातल्या किती फॉर्ममध्ये नावाला तीनच रकाने आहेत? ‘फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम’ असा परदेशी साचा असेल तर आईचं नाव जाणार कुठे? एकाच घरात मोठ्या बहिणीचं नाव जुन्या क्रमानं आणि धाकट्याचं नव्या क्रमानं असेल, तर दोघं भावंडं आहेत हे सिस्टीमला कळेल का? निर्णय एका ओळीचा, प्रश्न पानभर.

आयटीत अशा आडवळणाच्या शक्यतांना ‘एज केस’ म्हणतात. शब्द ऐकून वाटतं, कडेची, क्वचित घडणारी गोष्ट असेल. पण ज्याच्या बाबतीत ती घडते त्याच्यासाठी ती कडेची नसते. आयुष्यभर शेतात किंवा बांधकामावर राबून बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही, तेव्हा सिस्टीमसाठी तो ‘एज केस’ असतो आणि त्याच्यासाठी तो महिन्याच्या धान्याचा प्रश्न असतो. ‘ठसा जुळला नाही तर पुढे काय?’ हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणीतरी मोठ्यानं विचारावा लागतो. तो विचारणारा माणूस मला बीए म्हणून हवाय.

‘लवकर’ म्हणजे किती लवकर?

पुढचं कौशल्य लिहिण्याचं. निबंधासारखं नाही हं! इथे छान लिहिण्याला मार्क नाहीत. एकच वाक्य दोघांनी वाचलं तर दोघांना एकच अर्थ लागला पाहिजे, इतकीच परीक्षा.

‘पान लवकर उघडलं पाहिजे.’ लवकर म्हणजे? ‘साध्या मोबाइलवर, मोबाइल डेटा वापरताना, तीन सेकंदांत पान उघडलं पाहिजे.’ हे तपासता येतं. ‘फॉर्म सोपा असावा’ हे तपासता येत नाही. ‘पहिल्यांदा वापरणाऱ्याला कुणाची मदत न घेता पाच मिनिटांत फॉर्म भरता यावा’ हे तपासता येतं. लवकर, सोपं, जास्त, योग्य, आवश्यकतेनुसार... हे शब्द दिसले की थांबायचं आणि विचारायचं, म्हणजे नेमकं किती?

आजकाल बऱ्याच कंपन्यांत गरजा ‘यूजर स्टोरी’ म्हणून लिहितात. साचा सोपा आहे. मी कोण, मला काय हवंय आणि कशासाठी. ‘दूध संस्थेचा सभासद म्हणून मला माझी मागच्या दहा दिवसांची फॅट बघायची आहे, म्हणजे बिल बरोबर आहे का ते मला तपासता येईल.’ त्याखाली ती गोष्ट पूर्ण झाली असं कधी म्हणायचं, त्याच्या अटी. साचा पाच मिनिटांत येतो. अटी लिहायला डोकं लागतं.

आणि लिहिलं म्हणजे संपलं, असंही नाही. नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ला मंगळाजवळ पोहोचल्यावर नष्ट झालं. चौकशीत कारण निघालं ते एककांचं. एका सॉफ्टवेअरनं आकडे पौंडाच्या हिशेबात दिले आणि पुढच्यानं ते न्यूटनचे समजून वापरले. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, कोणतं एकक वापरायचं ते कागदावर लिहिलेलं होतं. पण तसं खरंच होतंय का, हे वेळेत कुणी पडताळलं नाही. म्हणून मीटिंग संपताना ‘सगळ्यांना कळलं ना?’ असं विचारू नका. त्यावर सगळे ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी ‘मला जे कळलं ते सांगतो, चुकलं तर थांबवा’ असं म्हणा आणि मीटिंगनंतर तेच चार ओळींत सगळ्यांना लिहून पाठवा.

सरासरीच्या मागे लपलेली माणसं

आकड्यांना घाबरणाऱ्यांसाठी चांगली बातमी आहे, रोजच्या कामाला लागणारं बरंचसं गणित शाळेतलंच आहे. वाईट बातमी ही की ते डोळे उघडे ठेवून करावं लागतं.

एका दवाखान्यात दहा पेशंट आले. नऊजणांना प्रत्येकी पाच मिनिटं थांबावं लागलं आणि एकाला १५५ मिनिटं. सरासरी काढा. २० मिनिटं. रिपोर्टमध्ये लिहिलं जाईल, ‘पेशंटला सरासरी २० मिनिटं थांबावं लागतं.’ प्रत्यक्षात २० मिनिटं एकही माणूस थांबलेला नाही! नऊजणांची काही तक्रारच नाही आणि एकजण अडीच तासांहून जास्त वेळ बाकड्यावर बसून होता. त्याचं काय झालं, हे शोधायला गेलात तर खरा प्रश्न सापडेल. सरासरीवर थांबलात तर दहाही जणांसाठी टोकन मशीन घ्यायची शिफारस कराल.

यासाठी एक्सेल यायला हवं, आणि नीट यायला हवं. फिल्टर, पिव्होट टेबल, दोन याद्या एकमेकींशी जुळवणं. एसक्यूएलही शिका. डेटाबेसला प्रश्न विचारायची ती भाषा आहे, आणि एका टेबलमधून हवं ते काढणं, दोन टेबलं जोडणं, गटवारी करणं इतकं आलं तरी दरवेळी डेव्हलपरच्या मागे ‘जरा आकडे देतोस का?’ करत फिरावं लागत नाही. हे शिकायला ऑनलाइन भरपूर मोफत साहित्य आहे.

टेक्निकल किती यायला हवं? माझ्या मते, आतमध्ये काय घडतंय याचं चित्र डोळ्यांसमोर येईल इतकं. यूपीआयचं बघा. पैसे कापले गेले, समोरच्याला मिळाले नाहीत, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. ज्याला वाटतं व्यवहार एकतर होतो नाहीतर होत नाही, तो दोनच स्क्रीन मागेल. हिरवा आणि लाल. पण पैसे देणाऱ्याची बँक, एनपीसीआयची यंत्रणा आणि घेणाऱ्याची बँक अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून निरोप जातो, हे ज्याला माहीत आहे, तो विचारेल, ‘आणि मधेच उत्तर आलं नाही तर? तेव्हा स्क्रीनवर काय दाखवायचं? माणसानं पुन्हा पैसे पाठवायचे की थांबायचं?’ हा प्रश्न विचारायला कोड लिहिता यावं लागत नाही. पण यंत्रणेबद्दल कुतूहल लागतं. ‘मला टेक्निकल काही कळत नाही’ असं कौतुकानं सांगणाऱ्यांनी या वाटेला येऊ नये, हे माझं जरा कडक मत आहे.

‘सगळंच अर्जंट आहे’

कुठल्याही प्रोजेक्टमध्ये प्रत्येकाला सगळंच हवं असतं आणि लगेच हवं असतं. विक्री विभागाला एक हवं, हिशेब विभागाला बरोबर उलटं. वेळ आणि पैसे मात्र ठरलेले. यासाठी पद्धती आहेत. उदाहरणार्थ, असलंच पाहिजे, असायला हवं, असलं तर बरं आणि यावेळी नाही, असे चार गट पाडायचे. पण गट पाडणं सोपं, साहेबांची आवडती गोष्ट चौथ्या गटात टाकणं अवघड. तिथे आवाज न चढवता, आकडे समोर ठेवून, ‘हे केलं तर ते मागे पडेल, चालेल का?’ असं विचारता यावं लागतं. लग्नघरात दोन्हीकडच्या मंडळींना सांभाळून कार्य पार पाडणारी मावशी आठवा. ती कुणाचा अपमान करत नाही आणि मुहूर्तही चुकू देत नाही.

इंग्रजीचं काय?

हा प्रश्न तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींच्या मनात पहिला असतो, म्हणून गोड बोलून टाळत नाही. इंग्रजी लागतं. मेल, कागदपत्रं, परदेशी क्लायंटबरोबरचे कॉल, सगळं इंग्रजीत असतं. पण लागतं ते स्पष्ट इंग्रजी. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच मुद्दा. उच्चार परदेशी असण्याची काही गरज नाही. न कळलेलं ‘कळलं नाही, पुन्हा सांगाल का?’ असं विचारायची हिंमत जास्त महत्त्वाची.

आणि दुसरी बाजूही बघा. बँक, विमा, शेती, आरोग्य, सरकारी सेवा यांची सॉफ्टवेअर वापरणारी प्रचंड संख्या इंग्रजीत विचार करत नाही. सातबारा, फेरफार, नजर पैसेवारी, उचल, पतसंस्थेचं पिग्मी खातं हे शब्द ज्याला जगून माहीत आहेत, त्याला ते समजावून सांगायला मीटिंग लागत नाही. तुमच्या वडिलांचं खतांचं दुकान असेल, आई अंगणवाडीत असेल, तर स्टॉक, उधारी, नोंदवह्या, महिनाअखेरचे रिपोर्ट हे तुम्ही घरातच पाहिलंय. आयटीत याला ‘डोमेन नॉलेज’ म्हणतात आणि त्याला किंमत असते. आपण ते बायोडेटात लिहीत नाही, कारण ते ज्ञान आहे असं आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मग एआय आलं की संपलं?

मीटिंगचा सारांश, यूजर स्टोरीचा कच्चा मसुदा, फ्लोचार्ट हे आता एआय काही सेकंदांत देतं. त्यामुळे ज्याचं काम फक्त दुसऱ्यानं सांगितलेलं टाइप करणं होतं, त्यानं काळजी करावीच. पण एआयला मिळतं ते बोललं गेलेलं. मीटिंगमध्ये हिशेब विभागातल्या ताई तासभर गप्प का होत्या, हे त्या सारांशात येत नाही. त्यांना नंतर चहाच्या टपरीवर ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारायला माणूसच लागतो. म्हणून ज्या गोष्टी एआय पटकन करतं त्याच शिकवण्यासाठी कुणी मोठी फी मागत असेल, तर दोनदा विचार करा.

क्लास लावूच नका, असं मी म्हणत नाही. कॅनडातल्या टोरांटोत २००३मध्ये सुरू झालेली ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस ॲनालिसिस’ ही या क्षेत्रातली मोठी संस्था आहे. तिची नवख्यांसाठीही परीक्षा आहे. पण तिच्या ‘सीबीएपी’ या वरच्या सर्टिफिकेटसाठी आधी ७,५०० तासांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे वर्षानुवर्षं काम केल्यावर ते मिळतं. मग तीन महिन्यांत ‘तयार बीए’ करून देऊ, या वाक्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. फी भरण्याआधी त्यांनाच तीन प्रश्न विचारा. शिकवणाऱ्यानं स्वतः हे काम किती वर्षं केलंय? खऱ्या माणसांशी बोलून काढलेला एक तरी प्रोजेक्ट कोर्समध्ये आहे का? आणि मागच्या बॅचमधल्या, तुम्ही नावं निवडाल अशा तिघांशी बोलायला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नावर काय उत्तर मिळतं ते नीट ऐका.

आणखी एक, नव्यांना थेट बीए म्हणून घेणाऱ्या जागा कमी असतात. टेस्टिंग, सपोर्ट, बँकेचं किंवा विम्याचं ऑपरेशन्स अशा दारांनी बरेचजण आत जातात आणि मग इकडे वळतात. सपोर्टच्या नोकरीला नाक मुरडू नका. दिवसाला चाळीस वैतागलेल्या माणसांचं ऐकून घेणं, यापेक्षा चांगली ट्रेनिंग कोणता क्लास देणार?

या रविवारी हे करून बघा

वाचून काही होत नाही, म्हणून एक काम देते. जवळची एखादी जागा निवडा. कॉलेजची लायब्ररी, मेस, झेरॉक्सचं दुकान, ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना. परवानगी घेऊन दोन तास बसा. आधी फक्त बघा. कोण येतं, काय मागतं, कुठे अडतं, वहीत काय लिहिलं जातं. मग तिथे काम करणाऱ्या एकाशी आणि तिथे येणाऱ्या दोघांशी बोला. घरी येऊन एकच पान लिहा. आत्ता काम कसं चालतं, अडचण कुणाची आणि कुठे, कोणते आकडे मोजले, एक छोटा बदल कोणता सुचवाल आणि तो केल्यानं आणखी कुणाला त्रास होऊ शकतो. शेवटचा मुद्दा गाळू नका.

मग ते पान परत त्या झेरॉक्सवाल्या काकांकडे घेऊन जा आणि वाचून दाखवा. ‘हो, असंच आहे’ म्हणाले तर छान. ‘नाही रे, तू समजतोस तसं नाही’ म्हणाले तर त्याहून छान. पेन काढा आणि विचारा, ‘मग कसं आहे?’

अशी पाच पानं जमली, की इंटरव्ह्यूला जाताना ती फाइल बरोबर न्या. सर्टिफिकेटच्या आधी तीच पुढे ठेवा.